१६ की १४?

(इयत्ता सातवीच्या एका विद्यार्थिनीकडून)



भित्तिपत्रकाच्या या अंकात कोड्यांविषयी लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. कोडी सर्वांनाच आवडतात. पण "ती सोडवायची कशी?" असे कोणी विचारले की आपण गप्प बसतो. "सुचलं बघ," एवढे म्हणून मोकळे होतो. ते कसे सुचते, हे मला जेवढे समजले तेवढे इथे सांगते. आधी आमच्या वर्गात घडलेली एक गोष्ट ऐका, कारण हा लेख तिथूनच सुरू झाला.

शनिवारची गोष्ट

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. शेवटच्या तासाला गुरुजी फळ्यावर एखादे कोडे घालतात. त्या दिवशी त्यांनी लिहिले :

२, ४, ८, ?

आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "सोळा!" दुप्पट, दुप्पट, दुप्पट. त्यात काय अवघड?

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने मात्र वहीत १४ लिहिले होते. ती दर वर्षी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते आणि पाडव्याच्या सुमारास परत येते. मधले धडे बुडतात. त्यामुळे आपल्याला गणित येतच नाही असे तिने मनाशी धरून ठेवले आहे. यंदा ती परत आली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली ही गोष्ट. तिचा आकडा पाहून मागच्या बाकावरची मुले हसली. खरे सांगायचे तर मीही हसले. तिने घाईघाईने खोडरबर घेतले आणि कागद फाटेपर्यंत ते १४ खोडले.

गुरुजींनी ते पाहिले. म्हणाले, "खोडू नको. आधी सांग, कसं काढलंस?"

ती उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "दोनात दोन मिळवले, चार झाले. चारात चार मिळवले, आठ झाले. मग आता सहा मिळवायचे ना गुरुजी? दोन, चार, सहा. आठ न् सहा चौदा."

वर्ग एकदम शांत झाला. कारण तिचे म्हणणे खोडून काढता येईना.

गुरुजी म्हणाले, "हिचा नियम बरोबर आहे. तुमचाही बरोबर आहे. चूक माझी. मी तीनच संख्या दिल्या. तीन संख्यांवरून दोन्ही वाटा फुटतात. कोडं अपुरं होतं."

तरी एक मुलगा उठून म्हणालाच, "पण गुरुजी, खरं उत्तर सोळाच ना?"

गुरुजी हसले. म्हणाले, "मुलींनो, कोणाची तरी एक बांगडी द्या बरं."

बांगडीचा पुरावा

ही गंमत तुम्हीही घरी करून पाहा. कोऱ्या कागदावर बांगडी ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. कागदाचे किती भाग झाले? एक बांगडीच्या आतला, एक बाहेरचा. म्हणजे २.

आता बांगडी थोडी सरकवून दुसरे वर्तुळ काढा. ते पहिल्याला दोन ठिकाणी छेदले पाहिजे. भाग मोजा. बाहेरचा भाग विसरू नका. ४ होतात. तिसरे वर्तुळ असे काढा की ते आधीच्या दोन्ही वर्तुळांना दोन दोन ठिकाणी छेदेल. भाग झाले ८.

२, ४, ८. आली की नाही फळ्यावरचीच मालिका?

आता चौथे वर्तुळ काढा. तेही आधीच्या तिन्ही वर्तुळांना दोन दोन ठिकाणी छेदले पाहिजे. तीन वर्तुळे एकाच बिंदूतून मात्र जाऊ देऊ नका. चारही बांगड्या एका लहान चौकोनाच्या चार कोपऱ्यांकडे जरा जरा सरकवल्या की आकृती चांगली जमते. मग एकेका भागात आकडा टाकत जा. आम्ही सगळ्यांनी मोजले. कोणी दोनदा मोजले, कोणी तीनदा. भाग भरले १४. सोळा काही होईनात.

असे का होते, तेही गुरुजींनी समजावले. दुसरे वर्तुळ पहिल्याला २ ठिकाणी छेदते, म्हणून त्याचे २ तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा एकेका जुन्या भागाचे दोन भाग करतो. म्हणून २ भाग वाढतात. तिसरे वर्तुळ आधीच्या दोघांना मिळून ४ ठिकाणी छेदते, म्हणून ४ भाग वाढतात. चौथे तिघांना मिळून ६ ठिकाणी छेदते, म्हणून ६ वाढतात. दोन, चार, सहा! माझ्या मैत्रिणीने हाच नियम सांगितला होता.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक पद्धत पडली. कोणी उत्तर सांगितले की "किती आलं?" एवढ्यावर आम्ही थांबत नाही. "कसं आलं?" हेही विचारतो. संख्यांचे कोडे असो की आजीचे कोडे, हा प्रश्न दोन्हीकडे उपयोगी पडतो. कसा, ते आता पाहू.

संख्यांची मालिका : काय काय तपासावे?

(१) आधी शेजारच्या संख्यांची वजाबाकी करा. ३, ७, ११, १५ यांत प्रत्येक वेळी ४ चा फरक आहे. पुढची संख्या १९. ही सर्वांत सोपी जात.

(२) फरक सारखा नसेल तर भागाकार करून पाहा. ३, ६, १२, २४ यांत प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या दुप्पट आहे. पुढची ४८.

(३) तेही जमले नाही तर फरकांकडेच पुन्हा पाहा. २, ५, १०, १७ यांतले फरक ३, ५, ७ असे आहेत. फरकांचीच एक मालिका तयार झाली. पुढचा फरक ९, म्हणून पुढची संख्या २६. हेच कोडे दुसऱ्या वाटेनेही सुटते. १ चा वर्ग अधिक १, २ चा वर्ग अधिक १, ३ चा वर्ग अधिक १, याप्रमाणे ५ चा वर्ग २५ आणि १ मिळून २६. दोन वाटांनी एकच उत्तर आले की मनाला केवढा धीर येतो!

(४) संख्या कधी वाढतात, कधी कमी होतात, असे दिसले तर एक आड एक वाचा. ५, २०, १०, १८, १५, १६, ? ही एक मालिका नाही, दोन मालिकांची वेणी आहे. ५, १०, १५ एक पेड आणि २०, १८, १६ दुसरा पेड. आता पहिल्या पेडाची पाळी, म्हणून उत्तर २०.

(५) मागच्या दोन संख्यांची बेरीज करून पाहा. १, २, ३, ५, ८ यांत १ आणि २ मिळून ३, २ आणि ३ मिळून ५, ३ आणि ५ मिळून ८. पुढची १३.

या पाचव्या मालिकेला जगात फिबोनाची नावाच्या इटालियन गणितज्ञाचे नाव पडले आहे. त्याने ती १२०२ साली आपल्या पुस्तकात मांडली. पण आपल्याकडे गुजरातेतले जैन पंडित हेमचंद्र यांनी सुमारे ११५० सालीच ती सांगितली होती. ती कशातून सांगितली? कवितेच्या मात्रांतून! ऱ्हस्व अक्षराची १ मात्रा आणि दीर्घ अक्षराची २ मात्रा धरतात. समजा 'क' म्हणजे १ मात्रा आणि 'का' म्हणजे २ मात्रा. मग ३ मात्रा किती प्रकारे भरता येतील? ककक, कका, काक. तीन प्रकारे. ४ मात्रा? कककक, ककका, ककाक, काकक, काका. पाच प्रकारे. ५ मात्रांचे आठ प्रकार होतात. ते तुम्ही लिहून काढा.

इथेही "कसं आलं?" विचारू या. शेवटचे अक्षर 'क' असेल तर त्याच्या आधी एक मात्रा कमी भरायची असते. शेवटचे अक्षर 'का' असेल तर दोन मात्रा कमी भरायच्या असतात. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज! नियम कुठून आला हे कळले की तो पाठ करावा लागत नाही.

परीक्षेसाठी एक सूचना. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीत अशा मालिका विचारतात आणि खाली चार पर्याय देतात. तुमचा नियम दिलेल्या सगळ्या संख्यांना लागतो का, ते आधी पाहा. पहिल्या दोन-तीन संख्यांना लागला म्हणून घाई करू नका. आणि दोन नियम निघालेच, तर कोणते उत्तर पर्यायांत आहे तेवढे पाहा. बेरजेचा जसा ताळा करतो, तसा नियमाचाही ताळा करायचा.

देवळालीचे एक शिक्षक

"कसं आलं?" हा प्रश्न आयुष्यभर विचारणारे एक शिक्षक आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव द. रा. कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूला. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळेत शिकवत आणि १९६२ साली निवृत्त झाले. गणितातली मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. फावल्या वेळात कागद-पेन्सिल घेऊन ते संख्यांशी खेळत बसत.

१९४९ साली त्यांनी एक नवल सांगितले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, मग लहानाकडून मोठ्याकडे लिहा, आणि वजाबाकी करा. उत्तर घेऊन पुन्हा तेच करा. शून्य आले तरी ते सोडायचे नाही. आपण त्यांचे जन्मसालच घेऊ या, १९०५ :

९५१० – ०१५९ = ९३५१
९५३१ – १३५९ = ८१७२
८७२१ – १२७८ = ७४४३
७४४३ – ३४४७ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

आता ६१७४ घेऊन पुन्हा करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ च्या दारात येता. तिथून बाहेर पडायला वाट नाही. या संख्येला आता जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

सुरुवातीला पुष्कळ लोकांनी त्यांचे हे काम किरकोळ मानले. नंतर १९७५ साली अमेरिकेतले कोडीकार मार्टिन गार्डनर यांनी आपल्या मासिकातल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव देशोदेशी पोहोचले. कापरेकर १९८६ साली वारले. हे वाचताना मला आमच्या वर्गातले ते हसणे आठवले आणि थोडी लाज वाटली.

जिथे वजाबाकी चालत नाही

आता आणखी एक मालिका पाहा. हिने आम्हाला दोन दिवस दमवले.

१, ११, २१, १२११, ?

वजाबाकी केली, भागाकार केला, एक आड एक वाचले. काही उपयोग नाही. शेवटी गुरुजी म्हणाले, "आकडेमोड बंद करा आणि मोठ्यानं वाचा."

पहिली संख्या वाचली, तर "एक वेळा १". लिहा ११. आता ११ वाचा, "दोन वेळा १". लिहा २१. २१ वाचा, "एक वेळा २, एक वेळा १". लिहा १२११. मग १२११ म्हणजे "एक वेळा १, एक वेळा २, दोन वेळा १". म्हणून उत्तर १११२२१!

आमचे कुठे चुकले? संख्या दिसल्या म्हणजे आकडेमोडच करायची, असे आम्हीच ठरवून टाकले होते. कोड्यात तसे कुठेही लिहिलेले नव्हते.

अशा वेळी जो विचार लागतो त्याला माल्टा देशात जन्मलेले एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली 'लॅटरल थिंकिंग' असे नाव दिले. आपण त्याला 'आडवा विचार' म्हणू. त्यांनी खड्ड्याचे उदाहरण दिले आहे. एकच खड्डा खोल खोल खणत राहिले म्हणून दुसऱ्या जागी खड्डा तयार होत नाही. त्यासाठी आहे तिथून उठून दुसरीकडे कुदळ मारावी लागते. आपल्या गावाला विहिरी नव्या नाहीत, त्यामुळे हे उदाहरण आपल्याला लगेच पटेल.

आजीच्या भाकरी

आमच्या आजीला हे इंग्रजी नाव ठाऊक नाही, पण आडवा विचार तिच्या बोटांवर आहे. तिने मला विचारले, "दोन बाप न् दोन ल्योक जेवाया बसले. टोपल्यात भाकरी तीनच. तरी परत्येकाला आख्खी भाकर मिळाली. कशी गं?"

मी म्हटले, "एकानं खाल्लीच नसेल."

"न्हाई. समद्यांनी खाल्ली."

मी हरले. आजी म्हणाली, "आगं, तुझा आजा, तुझा बा न् तुझा भाऊ. तीनच माणसं की! तुझा बा बाप बी हाय न् ल्योक बी हाय."

दोन बाप आणि दोन मुलगे म्हणजे चार माणसे, हे आजी म्हणालीच नव्हती. ते मी म्हणाले होते, मनातल्या मनात.

हीच आडव्या विचाराची किल्ली आहे. कोडे अडले की कागदावर दोन रकाने पाडा. एकात लिहा, "कोड्याने काय सांगितले". दुसऱ्यात लिहा, "मी काय धरून चालले आहे". दुसऱ्या रकान्यातली एकेक ओळ खोडून पाहा. बहुतेक वेळा कुलूप तिथेच असते.

वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचे कोडे आपल्याला माहीत आहेच. होडीत माणसाबरोबर एकच नग मावतो. वाघ-शेळी किंवा शेळी-गवत यांना एकटे सोडायचे नाही. पलीकडे कसे न्यायचे? युरोपात लांडगा, शेळी आणि कोबी अशा रूपात हे कोडे हजार वर्षांहून जुन्या एका लॅटिन संग्रहात आहे. आपण कुठे अडतो? "एकदा पलीकडे नेलेले परत आणायचे नाही," असे आपणच धरतो. शेळीला आधी नेऊन ठेवा. वाघाला न्या आणि येताना शेळीला परत आणा. तिला अलीकडे ठेवून गवत न्या. शेवटी पुन्हा शेळी. संपले!

रांगोळीचे नऊ ठिपके घ्या. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन. वरच्या ओळीला १, २, ३, मधल्या ओळीला ४, ५, ६ आणि खालच्या ओळीला ७, ८, ९ असे आकडे द्या. आता हात न उचलता चार सरळ रेघांत सगळे ठिपके जोडा. सगळ्यांना पाच रेघा लागतात. का? ठिपक्यांच्या बाहेर रेघ न्यायची नाही, असे आपणच धरतो! बाहेर नेऊन पाहा. ३ वरून निघा, ५ मधून ७ वर या. ७ वरून ८, ९ आणि तसेच पुढे एक घर बाहेर. तिथून तिरके वर, ६ आणि २ मधून, १ च्या वर एक घर बाहेर. मग सरळ खाली १ आणि ४. झाल्या चार रेघा.

फुटलेला दगड

शेवटचे कोडे मला सर्वांत आवडते. त्यात संख्यांची मालिका आहे आणि आडवा विचारही आहे. युरोपात फ्रान्सच्या बाशे नावाच्या पंडितांनी १६१२ सालच्या पुस्तकात ते दिले आहे. आपल्याकडे ते मणाच्या दगडाचे म्हणून सांगतात. पूर्वी ४० शेरांचा एक मण धरत.

एका वाण्याकडे ४० शेरांचा दगड होता. तो पडून त्याचे चार तुकडे झाले. वाणी आधी रडू लागला, मग हसू लागला. कारण त्या चार तुकड्यांनी त्याला १ शेरापासून ४० शेरांपर्यंत कोणतेही पूर्ण शेराचे वजन करता येऊ लागले. तुकडे किती किती शेरांचे?

आम्ही लगेच दुपटीची मालिका घेतली. १, २, ४, ८. यांनी १ पासून १५ पर्यंत सगळे जमते, पण पुढे काय? कितीही उलटसुलट केले तरी चार तुकडे पुरेनात. प्रत्येक तुकडा एक तर पारड्यात ठेवायचा किंवा बाजूला. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे १६ प्रकार. त्यातला एक प्रकार सगळे तुकडे बाजूला ठेवण्याचा. उरले १५. म्हणजे या वाटेने चाळीस कधीच होणार नाहीत.

मग माझी मैत्रीण हळूच म्हणाली, "गुरुजी, बाजारात भांड्यात माल घेतला की दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो. मालाच्या पारड्यात भांडं असतंच ना? मग भांड्याच्या जागी दगडाचा तुकडा ठेवला तर?"

झाले! वजन मालाच्या पारड्यातही ठेवता येते. "वजने एकाच पारड्यात," हे वाण्याने कुठे सांगितले होते?

पुढचा हिशेब आम्ही सगळ्यांनी मिळून केला. पहिला तुकडा १ शेराचा. आता २ शेर मोजायचे आहेत. दुसरा तुकडा ३ चा घेतला तर एका पारड्यात ३, मालाबरोबर १, म्हणजे माल २ शेर. नुसता ३ ठेवला तर ३. तीन आणि एक मिळून ४. म्हणजे ४ पर्यंत जमले. आता ५ हवेत. पुढचा तुकडा ९ चा, कारण ९ वजा ४ बरोबर ५. या तिघांनी १३ पर्यंत सगळे जमते. पुढे १४ हवेत. म्हणून चौथा तुकडा २७ चा, कारण २७ वजा १३ बरोबर १४. आणि चौघांची बेरीज?

१ + ३ + ९ + २७ = ४०!

दरवेळी तिप्पट. तिप्पटच का? कारण आता प्रत्येक तुकड्याला तीन जागा आहेत : हे पारडे, ते पारडे किंवा बाजूला. तीन चार वेळा गुणले की ८१ प्रकार होतात. सगळे बाजूला ठेवण्याचा एक वजा केला, ८० उरले. त्यांतले निम्मे नुसते पारड्यांची अदलाबदल केलेले. उरले ४०. एकही वाया गेला नाही. वाणी उगीच हसला नव्हता.

त्या दिवशी मैत्रिणीने वहीत १, ३, ९, २७ लिहिले आणि ते खोडले नाही. तिला विचारूनच मी हे सगळे लिहिले आहे. "माझं नाव नको टाकू," एवढेच ती म्हणाली.

पालकांना दोन शब्द

पालकहो, मी लहान आहे, तरी एक विनंती करते. आम्ही घरी उत्तर सांगितले की "बरोबर" किंवा "चूक" म्हणण्याआधी एकदा विचारा, "कसं काढलंस?" ज्यांना शाळेत जाता आले नाही असे आईवडीलही हा प्रश्न विचारू शकतात. सांगता सांगता आमची चूक आम्हालाच सापडते. आणि कधी कधी चूक नसतेच, वाट वेगळी असते. तुमच्याकडे आजी-आजोबांनी घातलेली कोडी असतील, ती आम्हाला सांगा. पुढच्या अंकात आम्ही ती लावू.

आता तुमची पाळी

१) १, ३, ६, १०, १५, ?

२) बांगडीने एक वर्तुळ काढा. कडेवर ठिपके द्या आणि प्रत्येक ठिपका प्रत्येक ठिपक्याला सरळ रेघेने जोडा. तीन रेघा एका बिंदूत मिळू देऊ नका. १ ठिपक्याला वर्तुळाच्या आत १ भाग, २ ठिपक्यांना २, मग ४, ८, १६. सहा ठिपक्यांना किती? आकडा लिहिण्याआधी मोजा बरे का!

३) आगपेटीच्या सहा काड्या घ्या. काडी न मोडता त्यांचे चार सारखे त्रिकोण करा. प्रत्येक बाजू एका पूर्ण काडीची हवी.

४) एका माणसाने मरताना १७ उंट ठेवले. थोरल्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा हिस्सा. शेजाऱ्याने आपला एक उंट दिला, वाटणी झाली, आणि शेजारी आपला उंट परत घेऊन गेला. हे कसे झाले? (१/२, १/३ आणि १/९ यांची बेरीज करून पाहा.)

उत्तरे चिठ्ठीवर लिहून शनिवारपर्यंत वर्गातल्या खडूच्या खोक्यात टाका. चिठ्ठीवर उत्तर कसे काढले ते लिहायचे आहे. नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी बाद!